ऑर्थो-स्पाइनच्या ट्रॉलीवर नवीन आलात? नाव नंतर, आधी टोक बघा

पहिल्यांदा ऑर्थोचा, म्हणजे हाडांच्या ऑपरेशनच्या हत्यारांचा, सेट उघडला तेव्हा मला वाटलं कुणीतरी सुताराची पेटीच ऑटोक्लेव्ह करून पाठवलीय. हातोडी, पटाशी, पक्कड, करवत, पाने, ड्रिल, सगळं आहे, फक्त चकचकीत. आणि तेवढ्यात सर हात पुढे करून म्हणाले "लेन", मी ट्रेकडे बघतेय, सर जखमेकडे बघतायत, हात तसाच हवेत, असे पाचेक सेकंद गेले असतील पण ते मला अजून आठवतात. लेन म्हणजे हाड पकडायचा जाडजूड चिमटा, माझ्या नाकासमोरच पडला होता. घरी जाऊन यादी पाठ केली, चाळीसेक नावं, आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या सरांनी त्यातलंच एक हत्यार वेगळ्याच नावाने मागितलं. पाठांतर गेलं पाण्यात.

म्हणून हे लिहितेय, स्क्रबला, म्हणजे ऑपरेशनमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं द्यायला, नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी, मग तुम्ही नर्स असा, टेक्निशियन असा नाहीतर पहिल्या वर्षाचे रेसिडेंट. यातून ऑपरेशन करता येणार नाही, पण ट्रॉली वाचता येईल.

पायरी १: टोक काय करतं ते बघा

नावं माणसांची आहेत, त्यांच्यावरून काम कळत नाही. होमन, लँगेनबेक, वेटलेनर ऐकून काय कळणार? टोक मात्र खोटं बोलत नाही. कुठलंही हत्यार हातात घ्या, टोकाकडे बघा आणि स्वतःला विचारा की हे कापतं, चावतं, खरवडतं, सोलतं, पकडतं, ओढून धरतं की नुसतं चाचपतं. एवढ्या सात कामांत जवळजवळ सगळा ट्रे बसतो.

कापणाऱ्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो ऑस्टिओटोम आणि चिझलचा. दोन्ही पटाशीसारखी दिसतात. पातं आडवं धरून उजेडात बाजूने बघा, दोन्ही बाजूंनी उतार असेल तर ऑस्टिओटोम, एकाच बाजूने असेल तर चिझल. दोन्हीकडून उतार असलं की ते हाडात सरळ घुसतं, एकाच बाजूने असलं की एका अंगाला सरकतं, म्हणजे फरक नुसता नावाचा नाही, सरांना सरळ काप हवा असताना तुम्ही चिझल दिलंत तर काप तिरका जाऊ शकतो. पन्हाळीसारखं गोल पातं असेल तर ते गॉज, जखम टिपायच्या गॉजशी याचा काही संबंध नाही, पण पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा गोंधळ होतोच.

चावणारे म्हणजे राँजर. हा शब्द फ्रेंच, अर्थ कुरतडणारा, आणि आपण ओटीत त्याला निब्लर म्हणतो त्याचाही अर्थ तोच. याच्या मुठीजवळ एक सांधा असेल तर सिंगल अ‍ॅक्शन, दोन असतील तर डबल अ‍ॅक्शन, डबलला हाताचा जोर कमी लागतो आणि चावा ताकदीचा बसतो. बोन कटर यापेक्षा वेगळा, त्याला वाटीसारखे जबडे नसतात, सरळ धारा असतात, तो तुकडा उचलत नाही, नुसता तोडतो.

खरवडणारे म्हणजे क्युरेट, छोट्या चमच्यासारखे, कडेला धार. सोलणारे म्हणजे पेरिऑस्टियल एलिव्हेटर, हाडावरची पातळ साल आणि स्नायू सुटे करायला. पकडणाऱ्यांत लेन, व्हेर्ब्रुग, टोकदार रिडक्शन क्लॅम्प. ओढून धरणारे रिट्रॅक्टर. आणि चाचपणारे म्हणजे प्रोब, फीलर, हुक, यांना धार नसते आणि नसायलाच पाहिजे.

एवढं डोक्यात बसलं की नाव विसरलं तरी गाडं अडत नाही. सर म्हणाले "अरे ते दे ना, सोलायचं" तरी हात बरोबर जागेवर जातो.

पायरी २: ऑपरेशनच्या आधीची दहा मिनिटं

ही पायरी लोक टाळतात आणि मग मधेच धांदल होते. सेट उघडला की यादी घेऊन मोजणी करायची, सर्क्युलेटिंगवाल्याबरोबर (म्हणजे बाहेरून सामान पुरवणाऱ्याबरोबर) मोठ्याने. मग एकेक हत्यार हातात घेऊन बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. राँजर दाबून सोडायचा, स्प्रिंगने परत उघडतोय का बघायचं. क्युरेटची कड बघायची. ऑस्टिओटोमच्या धारेवर खाच पडली असेल तर ते बाजूला ठेवायचं, कारण तुटलेला कण मागे राहिला तर नंतर एक्सरेत सगळ्यांना दिसतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक तर अंगठ्याच्या नखाजवळ धरून बघा, षटकोनाचे कोपरे गोल झाले असतील तर तो स्क्रूच्या डोक्यात घसरणार, स्क्रूचं डोकं खराब करणार, आणि मग आत गेलेला स्क्रू ना पुढे जातो ना मागे येतो. माझ्या मते ऑर्थोच्या ओटीत सगळ्यात जास्त वेळ जर कशाने वाया जात असेल तर तो घासलेल्या स्क्रूड्रायव्हरने.

ड्रिल बिट सरळ आहे का ते टेबलावर लोळवून बघायचं, वाकडा असेल तर डगमगतो. डेप्थ गेज (भोकाची खोली मोजायचं साधन) जोडून, पट्टी शून्यावर येते का ते बघून ठेवायचा.

पायरी ३: ट्रॉली लावायची ती ऑपरेशन जसं पुढे सरकतं तशी

काही जण आकाराप्रमाणे लावतात, मोठी एकीकडे छोटी एकीकडे, दिसायला छान पण उपयोग शून्य. डावीकडून उजवीकडे काम सरकतं तशी लावा. आधी कातडी: ३ नंबरच्या हँडलवर १० किंवा १५ नंबरचं ब्लेड, ४ नंबरच्या हँडलवर २० च्या पुढची मोठी ब्लेडं, हे उलटंसुलटं बसत नाही, दाबून बसवायला जाऊ नका, बोट कापतं. मग मऊ भाग: दात्यांचा आणि बिनदात्यांचा चिमटा, कात्री, आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा), छोटे रिट्रॅक्टर. मग हाड उघडं करायची: एलिव्हेटर, होमन. मग हाडावरचं काम, मग फिक्सेशन (तुकडे प्लेट-स्क्रूने पक्के करणं), आणि सगळ्यात शेवटी शिवणाचं सामान, ते मागे झाकून ठेवलं तरी चालतं.

जड वस्तू नाजूक वस्तूंवर टाकायची नाही. हातोडीखाली डिसेक्टर, म्हणजे मऊ भाग सुटे करायचं बारीक हत्यार, सापडला की डिसेक्टर गेला.

पायरी ४: लांब हाडं, प्लेट आणि आकड्यांचा खेळ

मांडी, पाय, हात यांच्या फ्रॅक्चरला साधारण क्रम असा असतो की एलिव्हेटरने साल सोलून हाड दिसतं करायचं, होमनचं चोचीसारखं टोक हाडाच्या कडेने पलीकडे सरकवून स्नायू बाजूला धरायचे, तुकडे क्लॅम्पने जागेवर आणायचे, गरज पडली तर के-वायरने तात्पुरतं टाचायचं आणि मग प्लेट. होमन देताना जोडीने द्या, एक कधीच पुरत नाही. के-वायर म्हणजे किर्शनर वायर, १९०९ सालापासून चालत आलेली, आणि स्टाइनमन पिन तिच्याही आधीची, १९०७ ची, जाड, ट्रॅक्शनला वापरतात. वायर कापताना सुटं टोक कुठेही उडतं, म्हणून ते गॉजखाली धरून किंवा पकडीत पकडूनच कापायचं, डोळ्यांवर चष्मा हवाच.

आता मेन मुद्दा, ड्रिल. इथे पाठांतराला पर्याय नाही. साधा ३.५ मिमीचा कॉर्टिकल (हाडाच्या कडक बाहेरच्या थरासाठीचा) स्क्रू असेल तर ड्रिल २.५ चा. ४.५ च्या कॉर्टिकलला ड्रिल ३.२. ४ मिमीच्या कॅन्सेलसला (आतल्या स्पंजासारख्या हाडासाठीचा स्क्रू) २.५ आणि ६.५ च्या कॅन्सेलसला ३.२. २.७ च्या छोट्या स्क्रूला २. लॉकिंगमध्ये, म्हणजे ज्यांचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी बसतं त्यांत, ३.५ च्या स्क्रूला २.८ आणि ५ च्याला ४.३. साध्या षटकोनी डोक्याच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक ३.५ च्या सेटमध्ये २.५ मिमीचं आणि ४.५ च्या सेटमध्ये ३.५ चं असतं, म्हणजे तेच आकडे वेगळ्या अर्थाने परत येतात आणि नवीन माणसाचं डोकं फिरतं. लॉजिक एकच, ड्रिलचा आकार स्क्रूच्या गाभ्याशी जुळतो आणि आटे बाहेरच्या हाडात रुततात.

माझं स्वतःचं सांगते. नवीन असताना ३.५ च्या स्क्रूला मी ३.२ चा बिट चढवून दिला, दोन्ही बिट शेजारी पडलेले, दिसायला सारखेच, घाईत आकडा वाचलाच नाही. भोक पडलं, स्क्रू घातला, आणि तो नुसता गोल गोल फिरत राहिला, पकडच नाही. सरांनी आधी हाडाला दोष दिला, म्हणाले हाड मऊ दिसतंय. मग बिट परत माझ्याकडे आला तेव्हा मी दांड्यावरचा आकडा वाचला आणि पोटात गोळा आला. सांगितलं लगेच. त्या भोकात ४ चा कॅन्सेलस घालून काम निभावलं, सर बोलले बरंच पण लपवलं असतं तर पुढच्या भोकालाही तेच झालं असतं. तेव्हापासून बिट देताना मी आकडा मोठ्याने म्हणते, "दोन पॉइंट पाच", आणि समोरून "हो" आलं की मगच हातातून सोडते. तुम्हीपण हेच करा, लाज वाटू देऊ नका.

साध्या स्क्रूचा क्रम असा: ड्रिल स्लीव्हसकट (बिटभोवतीची नळी), मग डेप्थ गेज, मग टॅप (भोकात आटे पाडणारा), मग स्क्रू. डेप्थ गेज टॅपच्या आधी, कारण गेजचा हुक पलीकडच्या कडेला अडकवून ओढतात, आधीच आटे पाडले असतील तर हुक ते खराब करतो. सेल्फ टॅपिंग स्क्रू असेल तर टॅप लागतच नाही. स्लीव्ह का, तर बिट फिरताना आजूबाजूचे स्नायू गुंडाळून घेतो, एकदा बघितलंत की परत विसरणार नाही.

लॅग स्क्रू म्हणाले की कान टवकारायचे. इथे अलीकडच्या कॉर्टेक्सला, म्हणजे हाडाच्या कडक भिंतीला, मोठं भोक आणि पलीकडच्याला छोटं, म्हणजे ३.५ च्या स्क्रूला आधी ३.५ चा ड्रिल आणि मग त्यातूनच स्लीव्ह घालून २.५ चा. अलीकडे आटे मोकळे राहतात, पलीकडे पकडतात, आणि स्क्रू आवळला की दोन तुकडे एकमेकांवर दाबले जातात. एवढं समजलं तर दोन ड्रिल लागोपाठ का मागितले हा प्रश्न पडणार नाही.

लॉकिंगला ड्रिल गाइड प्लेटच्या भोकात आट्यांनी बसवावा लागतो, हाताने धरून चालत नाही, जरा तिरका गेला तर स्क्रूचं डोकं प्लेटमध्ये लॉक होत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क लिमिटरने, ३.५ ला १.५ न्यूटन मीटर आणि ५ ला ४ न्यूटन मीटर, टक असा आवाज आला की थांबायचं. मशीनने शेवटपर्यंत आवळलेला लॉकिंग स्क्रू पुढे काढायची वेळ आली की रडवतो.

ड्रिल चालू असताना सलाइन सोडत राहायचं, हे काम बरेचदा तुमच्याकडेच येतं. हाड साधारण ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं की तिथल्या पेशी मरायला लागतात, मग तिथे स्क्रू सैल पडतो. बोथट बिट जास्त तापवतो. त्यामुळे धार गेलेला बिट "चालतंय अजून" म्हणून परत सेटमध्ये टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मधेच एक, जिग्ली वायर. दातेरी तारेची करवत, लिओनार्दो जिग्ली या इटालियन प्रसूतितज्ज्ञांनी अडलेल्या बाळंतपणात कमरेचं हाड कापायला काढलेली, नंतर हाडवाल्यांनी आणि मेंदूवाल्यांनी उचलली. ओढताना दोन्ही हात फाकवून लांब लांब ओढायची, हात जवळ आणून तार दुमडली की तापून तुटते. दुसरी तार ट्रॉलीवर तयार ठेवा.

पायरी ५: स्पाइन, इथे घाई चालत नाही

हाडाच्या सेटवर हात बसलेला माणूस स्पाइनच्या सेटवर आला की त्याला वाटतं सगळं छोटं आणि बारीक आहे, बस एवढंच. तसं नाही. इथे हत्याराच्या टोकापासून काही मिलिमीटरवर ड्युरा आहे, म्हणजे मज्जारज्जू आणि नसांभोवतीची पिशवी. म्हणून इथे टोकाची दिशा, कोन, जाडी सगळं महत्त्वाचं.

सुरुवात कॉबने. कॉब एलिव्हेटर ज्यांच्या नावाचा त्याच जॉन कॉब यांच्या नावाने मणक्याचा बाक मोजायचा कॉब अँगल आहे. लांब दांडा, पुढे रुंद किंचित वाकलेलं पातं. याने स्नायू मणक्यावरून सोलत बाजूला नेतात आणि त्या खोबणीत गॉज कोंबत जातात म्हणजे रक्त थांबतं. ते गॉज तुम्ही मोजायचे, किती आत गेले किती बाहेर आले, कारण रक्ताने भिजलेला गॉज आणि स्नायू दिसायला एकच.

मग लेव्हल, म्हणजे हा नेमका कितवा मणका ते, बघायची. सी-आर्म (ऑपरेशन चालू असतानाच एक्सरे दाखवणारं मशीन) यायच्या आधी एखादं धातूचं हत्यार खूण म्हणून मणक्यावर ठेवतात, बरेचदा कोकर क्लॅम्प नाहीतर पेनफील्ड ४ हा डिसेक्टर. हे झाल्याशिवाय हाड चावणारं काहीही पुढे करू नका, कोणी मागितलं तरी एकदा "लेव्हल बघितली ना?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पेनफील्डचे पाच नंबर असतात, त्यातला ४ सारखा मागतात, चपटा आणि किंचित वाकलेला, नस चिकटली असेल तर हळूच सुटी करायला. पेनफील्ड हे कॅनडातले न्यूरोसर्जन, जाग्या पेशंटच्या मेंदूचा नकाशा काढणारे.

सेल्फ रिट्रॅक्टर (कोणी न धरता उघडा राहणारा) लावून झाला की लेक्सेल. मोठा डबल अ‍ॅक्शन निब्लर, मागचं काट्यासारखं हाड आणि वरचा जाड थर काढायला. लेक्सेल स्वीडनचे, मेंदूवर किरणांनी उपचार करणारी गॅमा नाइफ त्यांचीच, म्हणजे एकाच माणसाने हाड कुरतडायचं सगळ्यात दांडगं हत्यार दिलं आणि न कापता करायची सर्जरीही दिली, मला याची गंमत वाटते. लेक्सेलने निघालेलं हाड फेकायचं नाही, स्नायूचे धागे काढून ओल्या गॉजमध्ये वाटीत जमवायचं, फ्यूजन (मणके एकमेकांना जोडणं) असेल तर हेच परत वापरतात. "हाड कुठंय?" असं विचारल्यावर कचऱ्याच्या बादलीकडे बघायची वेळ येऊ नये.

आता केरिसन. स्पाइनमध्ये तुम्हाला एकच हत्यार नीट शिकायचं असेल तर हे शिका. बंदुकीसारखी मूठ, लांब दांडा, दांड्याच्या टोकाला खाली एक छोटं पाऊल, आणि मूठ दाबली की वरची पट्टी सरकत येऊन त्या पावलावर आदळते, मधे आलेलं हाड नाहीतर लिगामेंट कापलं जातं. रुंदी १ मिमीपासून ५-६ मिमीपर्यंत, कोन ४० अंशांचा किंवा ९० अंशांचा, जबडा वर उघडणारा किंवा खाली उघडणारा. "केरिसन दे" असं कोणी म्हणत नाही, "तीन अप" म्हणतात, म्हणजे ३ मिमी, वर चावणारा. ते पाऊल हाड आणि ड्युरा यांच्या मधे सरकतं, म्हणून पाऊल पातळ असलेला केरिसन मानेच्या मणक्यात लागतो जिथे जागाच नसते. छोट्या नंबरपासून मोठ्याकडे रांगेत लावून ठेवा आणि सर जो वापरतायत त्याच्या पुढचा हातात तयार ठेवा.

प्रत्येक चाव्यानंतर केरिसन बाहेर येतो, टोक तुमच्याकडे वळतं, जबडा उघडतो, आणि तुम्ही ओल्या गॉजने तुकडा पुसून घ्यायचा. बोट घालायचं नाही, जबडा मिटला तर बोटाचं केरिसन होतं. आणि नुसतं वरवर पुसायचं नाही, पावलाच्या खोबणीत चिकटलेला तुकडा गेला का बघायचं. तो राहिला तर पुढचा चावा पूर्ण बसत नाही, अर्धवट तुटलेलं लिगामेंट ओढलं जातं आणि त्याला चिकटलेला ड्युरा फाटतो. म्हणजे तुमच्या गॉजचा आणि पेशंटच्या ड्युराचा इतका सरळ संबंध आहे. सर बघत नाहीत, डोळे मायक्रोस्कोपमध्ये नाहीतर जखमेत असतात, टोक तुमच्या गॉजला लागलं की ते दाबतात, सोडतात आणि परत आत, हा ताल एकदा जमला की मिनिटामागून मिनिटं कोणी एक शब्द न बोलता काम चालतं आणि खरं सांगू का, स्क्रबचा सगळ्यात सुखाचा भाग मला हाच वाटतो.

डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, काढायला पिट्युटरी राँजर, बारीक लांब जबड्याची, सरळ, वर वळलेली, खाली वळलेली. आत जाताना मिटलेली, डिस्कमध्ये उघडते, बाहेर येताना परत मिटलेली. डिस्कच्या पुढे पोटाच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे ती किती खोल जातेय याकडे सगळ्यांचंच लक्ष हवं. आणि ती परत आली की प्रत्येक वेळी दोन्ही जबडे शाबूत आहेत का बघा, बारीक असल्याने ते तुटू शकतात. निघालेली डिस्क वेगळ्या वाटीत, हाडात मिसळायची नाही.

नर्व्ह रूट रिट्रॅक्टर असिस्टंटच्या हातात जातो, तो द्यायचा नाजूकपणे. पॅटी म्हणजे दोरीवाले कापसाचे तुकडे, दोरी कायम जखमेबाहेर, मोजणी गॉजपेक्षाही कडक.

पायरी ६: पेडिकल स्क्रू लागले तर

पेडिकल म्हणजे मणक्याचा मागचा भाग पुढच्याशी जोडणारा हाडाचा दांडा, त्यातून हे स्क्रू जातात. याचा क्रम ठरलेला आहे आणि एकदा कळला की हे सगळ्यात सोपं वाटतं. आधी ऑल, म्हणजे चांभाराची आरी असते ना तशी, तिने हाडाच्या कडक पापुद्र्याला टोचून वाट करायची. मग पेडिकल प्रोब, याला गिअरशिफ्टही म्हणतात. वाकडा असेल तर पहिल्या साधारण २० मिमीपर्यंत बाक बाहेरच्या बाजूला, म्हणजे टोक मज्जारज्जूपासून लांब, मग काढून बाक आत वळवून परत घालतात. म्हणून देताना बाक कुठे आहे ते बघून द्या आणि उजवी बाजू चाललीय की डावी ते लक्षात ठेवा.

मग बॉल टिप फीलर. गोल टोकाची बारीक सळई, याने पाच बाजू चाचपतात, चार भिंती आणि एक तळ. हाड असलं की टणक खरखर लागते, भिंत फुटली असली की टोक एकदम मऊमध्ये जातं. सर या वेळी गप्प असतात, तुम्हीपण गप्प राहा. फीलरवरूनच लांबी मोजतात. मग टॅप, बहुतेक वेळा स्क्रूपेक्षा जरा कमी मापाचा, मग परत फीलर, मग स्क्रू. स्क्रू स्क्रूड्रायव्हरवर पक्का बसलाय का, डोलत नाही ना, हे हाताने हलवून मगच द्यायचा.

रॉड (स्क्रूंना जोडणारी सळई) आला की बेंडर, म्हणजे तो वाकवायचं हत्यार. टायटॅनियमचा रॉड एकदा वाकवला की परत उलटा वाकवायचा नाही, तिथे तो कमकुवत होतो, म्हणून टेम्प्लेट (बाकाचं माप घ्यायची नमुना सळई) आधी द्या. रॉड स्क्रूच्या खाचेत बसत नसेल तर तो खाचेत दाबणारा रॉकर नाहीतर पर्सुएडर, मग रॉड आवळून धरणारा सेट स्क्रू. सेट स्क्रू तिरका घुसला की आटे गेले, म्हणून काही जण आधी उलटा पाव फेरा फिरवून मग सरळ फिरवतात. कॉम्प्रेशन, डिस्ट्रॅक्शन जे काय करायचं ते झालं की मगच शेवटचं आवळणं, तेव्हा काउंटर टॉर्क (आवळताना बाकीचं फिरू न देणारं हत्यार) आणि टॉर्क रेंच जोडीने द्या. काउंटर टॉर्क नसेल तर जोर स्क्रूवर आणि हाडावर जातो.

हातात देताना

हँडल सरांच्या तळहातात, टोक काम ज्या दिशेला होणार त्या दिशेला, म्हणजे त्यांना मनगट फिरवायला लागू नये. ऑस्टिओटोम एका हातात, हातोडी दुसऱ्या, दोन्ही एकदम तयार ठेवा. हातोडीचा आवाज ऐकत जा, कडक थर ओलांडला की आवाज बदलतो, थोड्याच दिवसांत तुम्हालाच कळायला लागेल की आता हात परत येणार. ब्लेड, सुई, टोकदार वायर हातोहात न देता मधल्या ठरलेल्या ट्रेमध्ये ठेवून द्यायची पद्धत असेल तर ती पाळा. आणि एका हत्याराने दुसऱ्याचं काम करू देऊ नका. ऑस्टिओटोमने स्क्रू उचकटणं, केरिसनने वायर दाबणं, हे जो करतो तो निघून जातो, मोडलेलं हत्यार तुमच्या सहीवर येतं.

शेवटची पायरी: धुणं

ऑपरेशन चालू असतानाच वापरलेलं हत्यार स्टराइल पाण्याने पुसत राहायचं, सलाइनने नाही. सलाइनमधल्या क्लोराइडने स्टीलवर बारीक खड्डे पडतात, ब्लीचने तर आणखी वाईट. आणि पहिल्या धुण्याला कडक गरम पाणी नको, साधारण ४५ अंशांच्या वर रक्तातलं प्रोटीन गोठून चिकटतं, मग घासून हात दुखतात. न्यूट्रल किंवा एन्झाइमच्या द्रावणात भिजवा, सांधे उघडे ठेवून, केरिसन सुटा होणारा असेल तर सुटा करून, दोन पट्ट्यांच्या मधे ब्रश फिरवून. पोकळ ड्रिल आणि रीमर (हाडातली पोकळी रुंद करणारा) यांच्यामधून तार घालून आतली हाडाची भुकटी काढायची, ती आतच राहिली तर वाफ तिथे पोचतच नाही. मग अल्ट्रासोनिक, मग साधं पाणी, कोरडं करणं, सांध्यांना वंगण.

कोरडं झालं की परत तीच तपासणी, धार, स्प्रिंग, स्क्रूड्रायव्हरचे कोपरे. खराब असेल त्याला लगेच चिकटपट्टीची खूण करून वेगळं काढा, सेटमध्ये परत गेलं की पुढच्या वेळी ते तुमच्याच हाताला लागणार. ट्रे फार जड भरू नका, साधारण ११ किलोच्या वर गेला की वाळत नाही आणि उचलणाऱ्याची कंबरही जाते, दोन ट्रे करा. वाफेचं माप १३४ अंशांना निदान ३ मिनिटं किंवा १२१ ला १५, पण कंपनीने त्या सेटसाठी वेगळं लिहिलं असेल तर तेच धरायचं. बाहेरून येणारा इम्प्लांटचा सेट आदल्या दिवशीच मागवा, सकाळी आला तर धुवून, मोजून, वाफेतून काढेपर्यंत पेशंट टेबलावर येतो, आणि मग कोणीतरी "झटपट फ्लॅश करून दे" म्हणतं. फ्लॅश म्हणजे घाईत दिलेली वाफ, इम्प्लांटसाठी तिला नाही म्हणायचं. ट्रे बंद करायच्या आधी राँजर आणि क्लॅम्पच्या मुठी बघा, लॉक लागलेले असतील तर सोडून ठेवा.